खिशातली हत्यारपेटी : किंमत किती, घडण किती

दिवसभर मायक्रोमीटर हातात धरून शतांश मिलिमीटरचा हिशोब ठेवणारा माणूस रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर फोटो पाहून साडेचारशे रुपयांची घडीची पक्कड मागवतो. पिंपरी-चिंचवडच्या रावेतमध्ये जवळपास प्रत्येक सोसायटीत असा कुणीतरी भेटतो. कुणी चाकणला मेंटेनन्समध्ये आहे, कुणी भोसरीत टूलरूममध्ये, कुणी तळवड्याला क्वालिटीत. लोखंडाची पारख या भागाला शिकवायची गरज नाही. पण कंपनीत प्रत्येक पार्टसोबत ड्रॉइंग येते. त्यावर मटेरियलचा ग्रेड असतो, हार्डनेस असतो, टॉलरन्स असतो. खिशातल्या मल्टिटूलच्या डब्यावर बहुतेक वेळा ‘स्टेनलेस स्टील’ एवढेच छापलेले असते. ड्रॉइंगशिवाय माल घ्यायची वेळ आली की जाणकारही किमतीवरून अंदाज बांधू लागतो. महाग आहे म्हणजे टिकणार. किंवा स्वस्त आहे, गेले तर गेले.

हा अंदाज कुठवर खरा ठरतो, यावर ट्रेकवाल्यांचे एक मत आहे, फिटर मंडळींचे दुसरे आणि हार्डवेअरच्या दुकानदारांचे तिसरे. भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी बरीच वर्षे काढली. निवृत्तीनंतर सोसायटीतली मुले विचारतात, “काका, यातलं कुठलं घेऊ?” त्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून या सगळ्या वादाचा आढावा इथे घेतो आहे.

विळीपासून लेदरमनपर्यंत

एका वस्तूत दोन-तीन कामे बसवायची कल्पना आपल्याला नवी नाही. घरातली विळी पाहा. पात्यावर भाजी चिरायची, त्याच पात्याच्या टोकाच्या खवणीवर नारळ खवायचा, आणि काम संपले की पाते पाटावर आडवे करून ठेवायचे. जुन्या लोकांकडे एकाच कडीत अडकवलेले कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा असायचा. सुतार वाकसाने लाकूड तासतो आणि त्याच्याच पाठीने खिळाही ठोकतो. आणि नेलकटर तर आजही बहुतेक घरांत आहे. नखे कापायचा चाप, छोटे पाते, बाटली उघडायचा आकडा. मल्टिटूल हा शब्द कधी न ऐकलेला माणूसही ते वर्षानुवर्षे वापरत आला आहे.

आज ज्याला आपण मल्टिटूल म्हणतो त्याचा वंश मात्र स्वित्झर्लंडमधून सुरू होतो. कार्ल एल्सनर याने 1884 मध्ये इबाख या गावी चाकूचा कारखाना काढला. स्विस सैन्याला असा चाकू हवा होता की ज्याने डबा उघडता येईल आणि नव्या रायफलीचे स्क्रूही काढता येतील. पहिली मोठी ऑर्डर जर्मनीतल्या झोलिंगेनला गेली, कारण तेवढा माल काढण्याची ताकद तेव्हा स्विस कारागिरांकडे नव्हती. 1891 मध्ये एल्सनरने सैन्याला स्वतःचे चाकू पुरवायला सुरुवात केली आणि 1897 मध्ये त्याने ऑफिसरचा हलका चाकू नोंदवला. पुढे ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव आले. ‘व्हिक्टोरिया’ हे त्याच्या आईचे नाव आणि ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारे पोलाद. ते पोलाद चाकूत येईपर्यंत 1921 साल उजाडले होते.

त्या मूळ चाकूत पक्कड नव्हती. ती उणीव टिम लेदरमन या अमेरिकी तरुणाला 1975 मध्ये युरोपात जुनी फियाट गाडी घेऊन फिरताना जाणवली. गाडी सारखी बिघडायची, खिशात चाकू होता, पण नट धरायला काही नव्हते. 1980 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि 1983 मध्ये त्याचे पहिले घडीचे पक्कड-यंत्र बाजारात आले. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे पेटंट मंजुरीपासून 17 वर्षे चालायचे. म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही रचना कुणीही बनवावी अशी मोकळी झाली. आज साडेचारशे रुपयांत जे मिळते, त्याची वाट तिथून निघाली.

आपल्याकडे त्याच काळात ही गरज वेगळ्या प्रकारे भागत होती. रावेतपासून हाकेच्या अंतरावर आकुर्डीला बजाजचा कारखाना. तिथली चेतक स्कूटर 1972 पासून घराघरांत गेली. स्कूटरबरोबर हत्यारांची पिशवी यायची. प्लगचा पाना, पेचकस, एक-दोन पाने. प्लग काढून घासून परत बसवणे हे चेतकवाल्याला स्वयंपाकातल्या फोडणीइतके सवयीचे होते. आता चेतक विजेवर धावते. तिला प्लगच नाही, आणि तिच्या मालकाला रस्त्यात उघडता येईल असेही फार काही नाही. गाडीची पिशवी गेली आणि खिशातल्या हत्याराची मागणी वाढली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे मला वाटते.

आजचा बाजार

ढोबळ मानाने तीन थर दिसतात. खालच्या थरात दोनशे ते सहाशे रुपयांचा माल: नाव नसलेला किंवा दर दोन महिन्यांनी नाव बदलणारा, ‘चौदा कामे एकात’, ‘अठरा कामे एकात’ असे आकडे मिरवणारा. मधल्या थरात साधारण दीड ते चार हजारांची हत्यारे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांग शहरात चाकू-कात्र्यांचा मोठा उद्योग आहे. गॅन्झोसारख्या चिनी ब्रँडनी या थरात आपली जागा केली आहे. व्हिक्टोरिनॉक्सचे बिनपकडीचे छोटे चाकूही याच पट्ट्यात येतात. त्यांचा 58 मिलिमीटर लांबीचा ‘क्लासिक’ वीस-बावीस ग्रॅमचा आहे, किल्ल्यांच्या जुडग्यात लक्षातही येत नाही. वरच्या थरात लेदरमन आणि व्हिक्टोरिनॉक्सची पक्कडवाली हत्यारे. तिथे आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. लेदरमनचे ‘वेव्ह प्लस’ 241 ग्रॅम भरते, म्हणजे पाव किलोला जेमतेम नऊ ग्रॅम कमी. ते खिशातले नव्हे, पट्ट्यावरच्या पाकिटातले हत्यार आहे.

या तीन थरांच्या शेजारी चौथा पर्याय कायम उभा असतो. नाशिकच्या तापडियाची साधी पक्कड तीन-चारशे रुपयांत मिळते, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला कुणाला जाहिरात लागत नाही. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मल्टिटूल मागितले तर अनुभवी दुकानदार आधी हीच पक्कड पुढे सरकवतो.

पैसा कशात मुरतो

वादाचे मूळ इथे आहे. दोन हत्यारे फोटोत सारखी दिसतात आणि किमतीत सहापट फरक असतो. तो फरक कशाचा?

पहिले उत्तर लोक देतात ते पोलादाच्या ग्रेडचे. स्वस्त मालात बहुधा 420 जातीचे किंवा चिनी नावाने 3सीआर13 म्हणून ओळखले जाणारे पोलाद असते. त्यात क्रोमियम तेरा टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन कमी. मधल्या थरात 5सीआर15 किंवा 440सी अशी नावे दिसतात. 440सीमध्ये कार्बन एक टक्क्याच्या आगेमागे असतो, म्हणून धार जास्त टिकते. पण नुसत्या ग्रेडवर भाळण्यात चूक आहे. कार्बन वाढला की त्याचा काही भाग क्रोमियमला बांधून घेतो, आणि गंज रोखायला मोकळे क्रोमियम त्या प्रमाणात कमी उरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, घामाच्या हातात, कमी कार्बनचे साधे पोलाद उलट बरे वागते. त्याची धार लवकर जाते हे खरे, पण निसण्यावर चार हात मारले की परत येते.

ग्रेडपेक्षा मोठा फरक हीट ट्रीटमेंटचा. गावाकडचा लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा तो हेच करत असतो: तापवायचे, विझवायचे, मग थोडे परत तापवून ठिसूळपणा काढायचा. चांगले पोलाद घाईने किंवा अंदाजाने विझवले तर ते वाईट पोलादासारखे वागते. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकूचे जे आकडे देते ते टूलरूमच्या माणसाने पाहण्यासारखे आहेत. मुख्य पाते 56 रॉकवेल, कात्री आणि करवत 53, पेचकस आणि डबा-उघडणी 52, स्प्रिंगा 49. एका छोट्या चाकूत कठीणपणाच्या चार निरनिराळ्या पातळ्या, कारण कापणाऱ्या धारेला कठीण असावे लागते आणि पिळल्या जाणाऱ्या पेचकसाला थोडे चिवट. अगदी स्वस्त मल्टिटूलमध्ये बहुतेक तुकडे एकाच पत्र्यातून छापलेले, एकाच भट्टीतून निघालेले असतात. पाते मऊ आणि पेचकस कडक, किंवा दोन्ही मऊ. किमतीतला बराचसा फरक भट्टीतल्या या शिस्तीचा आहे, आणि तो कुठल्याही फोटोत दिसत नाही.

त्यानंतर सांधा. घडीच्या पकडीत सगळा जोर एका खिळीवर येतो. ती रिव्हेट ठोकून पक्की केलेली असेल तर ढिली झाल्यावर काही करता येत नाही; स्क्रूची असेल तर आवळता येते. खिळीचे भोक सैल पाडलेले असेल तर जबडे बाजूला सरकतात, आणि मग पक्कड नटाला पकडण्याऐवजी त्याचे कोपरे खाते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हत्यार ‘खुळखुळते’. मुठीची गोष्टही याच ओघात सांगण्यासारखी आहे. पत्रा दुमडून केलेल्या मुठीची कड गोल केलेली नसेल तर जोर लावला की ती तळहातात रुतते. लेदरमनच्या पहिल्या हत्यारालाही हाच दोष लोकांनी दाखवला होता. पुढच्या मॉडेलांत त्यांनी कडा वळवल्या. म्हणजे मोठ्या नावालाही हा धडा वापरणाऱ्यांकडून घ्यावा लागला.

गेल्या पावसाळ्यात मी तीन हत्यारे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक साडेचारशेचे, एक साधारण सव्वीसशेचे, आणि तिसरे शेजारच्या ट्रेक करणाऱ्या मुलाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेले, चौदा हजारांच्या घरातले. ब्रँडची नावे मुद्दाम देत नाही, कारण एका नगावरून कुणाला चांगले-वाईट ठरवणे बरोबर नाही. प्रत्येकाची पक्कड मिटून खिडकीच्या उजेडासमोर धरली. चांगल्या लांब तोंडाच्या पकडीत टोके आधी भिडतात आणि मागे केसाएवढी फट राहते. जोर दिला की तीही मिटते. महागड्यात आणि मधल्यात तसेच होते. स्वस्तातल्याची टोके एकमेकांच्या समोर आलीच नाहीत. एक जबडा दुसऱ्याच्या अर्धा मिलिमीटर बाजूने गेला.

मग मोटरसायकलची जुनी ब्रेक केबल घेतली. आतली तार पीळदार, कडक पोलादाची. साडेचारशेच्या कटरने पहिल्याच प्रयत्नात तार तोडली, पण कटरच्या धारेवर अर्धचंद्रासारखी खाच पडली. दुसऱ्यांदा तार त्या खाचेत बसली आणि तुटलीच नाही, नुसती चपटी झाली. मधल्याने सहा तुकडे केले; धारेवर एक चकाकता ठिपका उमटला, खाच नाही. महागड्यालाही सहा तुकड्यांनंतर काही झाले नाही. पुढे फरक शोधायला मला कात्रीवर यावे लागले. जाड पॅकिंग पट्टी महागड्याच्या कात्रीने एका दमात कापली, मधल्याच्या कात्रीत ती दुमडून अडकली. तांब्याच्या वायरीवर मात्र तिघांत काही फरक पडला नाही.

त्या दोन दिवसांत माझ्यापुरती एक गोष्ट स्पष्ट झाली. साडेचारशे ते अडीच हजार या टप्प्यात पैसा थेट सांध्यात, जबड्यात आणि कटरच्या कठीणपणात जातो. त्यापुढे तो कात्री, एका हाताने उघडणारी पाती, बदलता येणारे कटर आणि वॉरंटी यांत जातो. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत, पण पहिल्या टप्प्याशिवाय हत्यार कामाचे नाही, आणि दुसऱ्याशिवाय बहुतेकांचे काम अडत नाही.

चार मते

एक मत असे की घ्यायचे तर एकदाच आणि चांगले. या बाजूच्या लोकांचे म्हणणे किमतीच्या पलीकडे जाते. लेदरमन 25 वर्षांची वॉरंटी देते, व्हिक्टोरिनॉक्स चाकूच्या पोलादातल्या आणि कारागिरीतल्या दोषावर आयुष्यभराची हमी देते. हत्यार ऐन वेळी, लोहगडाच्या उतारावर किंवा रात्री एक्सप्रेसवेच्या कडेला, दगा देऊ नये यासाठी ते जास्त पैसे मोजायला तयार असतात. या मताला वजन आहे, कारण हत्यार मोडते ते नेहमी जोर लावलेला असतानाच, आणि त्या जोराच्या पुढे आपली बोटे असतात.

समोरचे मत शॉपफ्लोअरवरून येते. सेकंड शिफ्ट संपवून बसमध्ये डुलक्या काढणाऱ्या मुलाच्या खिशातून चौदा हजारांचे हत्यार सीटखाली घरंगळले तर त्याचा निम्मा पगार गेला. कामावर वस्तू उसन्या जातात, परत येत नाहीत. स्वस्त घ्या, दोन वर्षांनी दुसरे घ्या. हा हिशोब कागदावर मांडून पाहिला तर तो हसण्यावारी नेता येत नाही. सव्वीसशेचे हत्यार साडेचारशेच्या जवळपास सहापट टिकले तरच ते स्वस्त पडते. आणि चौदा हजारांचे सव्वीसशेच्या पाचपटीहून जास्त. हरवण्याची भीती ज्याला खरी आहे, त्याच्यासाठी टिकाऊपणाचा मुद्दाच अर्धा गळून पडतो. या हिशोबात एक गोष्ट मात्र धरलेली नसते: मऊ पेचकसाने खराब केलेला स्क्रू. तो काढायला मेकॅनिक जे घेतो ते हत्याराच्या किमतीत कुणी मोडत नाही.

तिसरे मत जुन्या फिटरांचे, आणि मी बराच काळ त्यातलाच होतो. मल्टिटूल म्हणजे सगळ्याची तडजोड. त्याऐवजी एक चांगली पक्कड, बदलत्या बिटांचा पेचकस आणि एक कटर छोट्या पिशवीत ठेवा. हजार रुपयांच्या आत तिन्ही गोष्टी येतात आणि तिन्ही मल्टिटूलच्या मधल्या थरापेक्षा सरस काम करतात. विजेच्या कामात तर हे मत निर्विवाद आहे. मल्टिटूलच्या मुठी उघड्या धातूच्या असतात. 230 व्होल्टच्या बोर्डाला ते हत्यार लावणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यासाठी 1000 व्होल्टची, दोन त्रिकोणांची खूण असलेली इन्सुलेटेड हत्यारे वेगळी मिळतात. पण या मताची कमजोर बाजूही मान्य करायला हवी. पिशवी घरी राहते. मुकाई चौकात चेन उतरली किंवा पेन ड्राइव्हच्या पॅकिंगवरची प्लास्टिकची सील फाटत नाही, तेव्हा खिशात असते तेच कामाला येते.

चौथे मत मधल्या थराचे, आणि ते गेल्या दहा-बारा वर्षांत वाढले आहे. त्यांचे म्हणणे, चिनी कारखाने आता मोठ्या नावांच्या मागे फार राहिलेले नाहीत. दोन-तीन हजारांत दहा हजारांच्या हत्याराचे बरेचसे काम होते. माझ्या टेबलावरचा अनुभव याच बाजूने झुकतो. त्यावर आक्षेप असा की या थरातल्या मालात एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत सारखेपणा नसतो, आणि कटर बिघडला तर सुटा भाग कुठून आणायचा याला उत्तर नसते. बॅच-टू-बॅच व्हेरिएशन म्हणजे काय हे या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

गेट, मेट्रो आणि कायदा

हत्यार खिशात ठेवायचे तर कुठे चालते हेही पाहावे लागते. शस्त्र नियम 2016 प्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची हत्यारे वगळलेली आहेत. मल्टिटूलचे पाते तीन इंचांच्या आसपास असते, त्यामुळे ते त्या व्याख्येपासून बरेच दूर आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी शस्त्रे, सुरे वगैरे बाळगण्यावर मनाई आदेश काढतात. पिंपरी-चिंचवडला ऑगस्ट 2018 पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे. सणावाराच्या, मिरवणुकीच्या दिवसांत असे आदेश लागू असतात, तेव्हा हत्यार घरी ठेवलेले बरे. विमानाच्या केबिन बॅगेत ते चालत नाही, चेक-इन सामानात ठेवावे. मेट्रोच्या स्कॅनरवरही अडवले जाऊ शकते.

कंपनीच्या गेटचा नियम यापेक्षा कडक असतो. बऱ्याच ठिकाणी बाहेरचे हत्यार आत न्यायला मनाई असते आणि शॉपफ्लोअरवर उघड्या पात्याचा चाकू चालत नाही. आपोआप मिटणारा सेफ्टी कटरच वापरावा लागतो. शिफ्टला जाणाऱ्याने पाते नसलेले, नुसते पक्कड-पेचकसाचे हत्यार पाहावे. तशी मॉडेल्स मिळतात, फक्त ती मागून घ्यावी लागतात.

न मिटलेले प्रश्न

पात्यावर कोरलेल्या ग्रेडवर विश्वास किती ठेवायचा, हा पहिला. 440 एवढेच कोरलेले असेल तर ते ए, बी की सी हे कळत नाही, आणि तिघांच्या कार्बनमध्ये मोठा फरक आहे. भोसरीत हार्डनेस टेस्टर आहेत, पण खिशातले हत्यार घेऊन तिथे कोण जाणार? आणि रॉकवेलच्या सुईने पात्यावर खड्डा पडतो तो वेगळाच. घरगुती चाचणीत चुंबक थोडे सांगतो. जबड्याला चुंबक चिकटला नाही तर ते जस्ताच्या ओतकामाचे किंवा तत्सम मऊ धातूचे असणार, ते परत करावे. चिकटला म्हणून पोलाद चांगले असे मात्र सिद्ध होत नाही. साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा दिला तरी चुंबक चिकटतोच, आणि मुलामा सुटला की दोन पावसाळ्यांत त्याखालून तांबूस डाग वर येतात.

दुसरा प्रश्न नकलांचा आणि वॉरंटीचा. मोठ्या ब्रँडची हुबेहूब नक्कल ऑनलाइन मिळते आणि कधी ती अर्ध्या किमतीला ‘ऑफर’ म्हणून येते. लीगल मेट्रॉलॉजीच्या 2011 च्या नियमांप्रमाणे आयात केलेल्या डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि किंमत छापलेली असायला हवी. ही माहिती नसेल तर पुढे तक्रार कुणाकडे करायची हाही प्रश्न उरतो. पंचवीस वर्षांची वॉरंटी कागदावर मोठी दिसते. ती भारतात किती सहज वापरता येते हे ज्या विक्रेत्याकडून माल घेतला त्याच्यावर आणि हातातल्या बिलावर ठरते. माझ्या ओळखीच्या एकाला स्प्रिंग बदलून मिळायला कित्येक महिने लागले, दुसऱ्याला आठवड्यात नवीन नग मिळाला.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत जास्त सतावतो. ज्या पट्ट्यात फोर्जिंग होते, स्टॅम्पिंगचे डाय बनतात, हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात, तिथे खंडेनवमीला हत्यारांची पूजा मनापासून होते. पण त्या पाटावर मांडलेल्या घडीच्या पकडीवर इथल्या कारखान्याचे नाव मी अजून पाहिलेले नाही. साध्या पकडीचा व्यवसाय नाशिकला उभा राहिला, कानसांचा रत्नागिरीला. छोट्या खिळी, पातळ स्प्रिंगा, घडीत बसणारी आठ-दहा पाती हे सगळे वाजवी दरात आणि सारखेपणाने काढणे अवघड आहे हे मला माहीत आहे. पण याहून अवघड पार्ट आम्ही गाड्यांसाठी काढतच होतो. मागणीच्या प्रमाणाचा अडसर आहे की कुणी मनावर घेतलेले नाही, यावर उद्योगातल्या लोकांनी बोलायला हवे.

मग घ्यायचे काय

सोसायटीतल्या मुलांना मी आता आधी एक उलटा प्रश्न विचारतो: गेल्या वर्षभरात खिशात हत्यार असते तर सर्वांत अवघड काम कोणते केले असते? उत्तर पाकीट फाडणे, धागा कापणे, छोटा स्क्रू काढणे असेल, तर पक्कड हवीच कशाला? दोन हजारांच्या आतबाहेरचा एखादा छोटा चांगला चाकू घ्यावा, तो अनेक वर्षे जातो. उत्तर नट धरणे, तार तोडणे, चेन बसवणे असेल तर मधल्या थरापासून खाली उतरू नये. बजेट तेवढे नसेल तर तापडियासारखी साधी पक्कड घेऊन गाडीच्या डिकीत ठेवावी आणि मल्टिटूलसाठी थांबावे. डोंगरात, रात्री-अपरात्री, दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेऊन फिरणाऱ्याने वरच्या थराचा विचार करावा, आणि तोही अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन. दोनशे-अडीचशेचे ‘अठरा कामे एकात’ हे माझ्या मते कुणीच घेऊ नये, भेट म्हणूनही नाही.

पेचकसाबद्दल एक गोष्ट. जपानी बनावटीच्या जुन्या मोटरसायकलींवरचे अधिक चिन्हाचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात पण थोडे वेगळे असतात. मल्टिटूलचा फिलिप्स त्यात नीट बसत नाही आणि जोर दिला की वर उसळून स्क्रूचे डोके खराब करतो. अशी गाडी असेल तर बिट बदलता येणारे मॉडेल पाहा. सांध्यात महिन्यातून एकदा शिवणमशिनच्या तेलाचा एक थेंब, पावसात भिजले तर त्याच रात्री उघडून पुसणे, एवढी देखभाल प्रत्येक थराला सारखीच लागते.

आणि ऑनलाइन मागवलेच, तर डबा आल्या दिवशीच तपासा. पक्कड मिटून खिडकीशी धरा, टोके समोरासमोर भिडतात का पाहा. मुठी उलट-सुलट पिळून सांधा खुळखुळतो का ते बघा, जबड्याला चुंबक लावा, मूठ दाबून तळहातात काही रुतते का पाहा. यातले काहीही चुकीचे वाटले तर परत करण्याची मुदत संपायच्या आत ते परत पाठवा.